भुवईची रेषा
मुलाच्या पोलाद कारखान्यातील नोकरीमुळे मुंबईचे बिऱ्हाड मोडून भिलाईस आलो त्याच सुमारास रंगीत काचेच्या जुन्या खिडक्या दुरुस्त करणाऱ्या माझ्या उजव्या हातास कंप जडला. शिसपट्टी वळवणारा हात थरथरला तर निभते. चेहरा रेखणारा थरथरला, तर कारागिराची रवानगी निवृत्तांच्या यादीत होते.

व्हिक्टोरियाकालीन खिडक्यांतील चेहरे पुसले गेल्याचे खापर आपल्याकडे पावसावर फुटते. पण भट्टीत रंग लवकर वितळावा म्हणून त्या काळी त्यात टाकणखार घालीत, तो दमट हवेत विरघळतो, आणि त्यापायी खुद्द इंग्लंडात विल्यम मॉरिससारख्या मातब्बराचा कारखानाही हैराण झाला होता. झग्याचे निळे कोबाल्टचे, काचेच्या पोटातले, म्हणून शाबूत. संताचे मुख मात्र वरून रेखलेले, म्हणून कोरे.

मूळ काच पुन्हा भट्टीत घालणे धोक्याचे, सबब गेलेल्या रेषा पातळ काचेवर काढून, भाजून, ती मागे बसवावयाची, हा रिवाज. परंतु जुनी रेषा काचेच्या आतल्या अंगास, माझी रेषा तिच्या जाडीइतकी मागे. समोरून भुवई अखंड दिसते आणि कडेच्या बाकावरून पाहावे तो दुभंगते. रेषा बारीक केली, आखूड केली, अर्धी सोडली. भुवई दुभंगतच राहिली. तैलरंगाने वरच्यावर डागडुजी करणारे आणि हल्ली छापील फिल्म चिकटवणारे यांना ही अडचण नाही. त्यांना कसलीच अडचण नसते.

इथे सेक्टरमधली एक मुलगी शिकावयास येते. तिचे आजोबा ओपन हार्थ भट्टीवर होते. ज्या निळ्या काचेतून ते उकळते पोलाद न्याहाळीत ती तिने मला आणून दाखवली, तीही कोबाल्टचीच. एके दिवशी ती सहज म्हणाली, "काका, रेषा काढायचीच कशाला? नुसती सावली द्या." आणि रुंद कुंचल्याने तिने भुवईखाली अशी मऊ छाया पसरली की, जिला कडच नाही ती दुभंगणार कोठून?

तोडगा बिनतोड होता, आणि म्हणूनच मला तो रुचला नाही. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील, 1858 साली अभिमंत्रित झालेल्या त्या वास्तूतील, विल्यम वेल्सच्या खिडक्यांखाली तरुणपणी तासन्‌तास उभा राहून मी हात घडवला तो रेषेसाठी. आणि दुरुस्ती ओळखू यावी हा आमच्या धंद्याचा दंडक तोंडाने पढत असता, माझी रेषा कोणती व वेल्सची कोणती हे कुणास उमगू नये, हीच माझी खरी हौस होती. छायेत हात ओळखू येत नाही. कंपही दिसत नाही, हे तिने बोलून दाखवले नाही.

भुवया, गाल, हनुवटी आता तिच्या हवाली केली आहेत. डोळे मीच काढतो, सकाळी, हात त्यातल्या त्यात स्थिर असतो तेव्हा. कडेच्या बाकावरून ते दुभंगतात.