मोठ्या तोफेवरचे आबा

आबांच्या लष्करी नोकरीचा उरलेला सगळा पुरावा एका पत्र्याच्या डबीत मावतो. पितळी रंगाचे दोन तारे, एक गोल पदक आणि घडीवर फाटलेली डिस्चार्ज बुकाची काही पाने. आबा म्हणजे माझ्या आईचे वडील, खटाव तालुक्यातले. दुसऱ्या महायुद्धात ते ‘मोठ्या तोफेवर होते आणि ब्रह्मदेशात लढले’, एवढेच घरात सगळ्यांना ठाऊक. आजी गेली आणि डबी माझ्याकडे आली. आबा नेमके कुठे होते हे शोधायचे मी ठरवले, तेव्हा रेजिमेंट कशाला म्हणतात आणि बॅटरी कशाला, हेही मला माहीत नव्हते.

पानांवर तर सगळी आद्याक्षरे. ‘जीएनआर’, ‘एच.ए.ए.’, ‘आय.ए.’, मध्येच ‘कराची’ हा शिक्का आणि जिथे रेजिमेंटचा आकडा असायला हवा तिथे पाण्याचा डाग. आकड्याची पहिली बाजू दिसते, दुसरी गेली आहे. आमच्या आळीत एक निवृत्त सुभेदार राहतात. १९७१ च्या युद्धात ते स्वतः विमानविरोधी तोफेवर होते. त्यांच्यासमोर पाने ठेवली, तर त्यांनी नाव वाचलेच नाही. म्हणाले, “पोरी, आधी नंबर बघ. फौजेत माणूस नावानं सापडत नाही.”

आबांचा शिपाई नंबर सुदैवाने शाबूत आहे. बाकीचे कोडे या सुभेदारकाकांनी सोडवून दिले. जीएनआर म्हणजे गनर, आय.ए. म्हणजे इंडियन आर्टिलरी आणि एच.ए.ए. म्हणजे हेवी अँटी-एअरक्राफ्ट. घरात जिला मोठी तोफ म्हणत, ती उंचावरच्या विमानांवर मारा करणारी ३.७ इंची तोफ. कमी उंचीवरून उडणाऱ्या विमानांसाठी ४० मिलिमीटरच्या हलक्या बोफोर्स तोफा असत, त्यांच्या तुकड्या वेगळ्या. कराचीचाही उलगडा झाला. हिंदी जवानांच्या विमानविरोधी तुकड्यांची उभारणी १९४० मध्ये आपल्या कुलाब्याला सुरू झाली, पण पुढच्या वर्षी प्रशिक्षण केंद्र निघाले ते कराचीत.

आबांचे एक वाक्य आईला पाठ आहे: “आम्हाला विमान दिसायचं नाही, काटा दिसायचा.” सगळ्यांना वाटे, युद्धाबद्दल बोलायचे नाही म्हणून आबा विषय टाळतात. या तोफेचे काम कसे चाले हे समजून घेतल्यावर मात्र मला कळले, की आबा अगदी शब्दशः खरे सांगत होते.

पंचवीस हजार फुटांवरच्या विमानापर्यंत गोळा पोचायला वीसेक सेकंद लागू शकतात. तेवढ्या वेळात ताशी ४०० किलोमीटर वेगाचे विमान दोन किलोमीटरहून पुढे गेलेले असते. म्हणजे विमान दिसते तिथे नेम धरून काही उपयोग नाही, वीस सेकंदांनी ते जिथे असेल तिथे गोळा पाठवायचा. हे गणित प्रेडिक्टर नावाचे यंत्र करी. त्यावरची माणसे दुर्बिणीतून विमानाचा माग ठेवत, दुसरे पथक उंची मोजून सांगे आणि उत्तर विजेच्या तारेने तोफेवरच्या तबकड्यांवर येई. तबकडीतला काटा हलला की तोफेवरच्या गनरने हातचाक फिरवून आपला काटा त्याच्याशी जुळवायचा. एकाने दिशेचा, दुसऱ्याने उंचीच्या कोनाचा. नजर आकाशाकडे न्यायचीच नाही. बाकीचे गोळा उचलून भरत. किती सेकंदांनी फुटायचे ते त्याच्या फ्यूजवर आधीच लावलेले असे.

वरून बॉम्ब पडत असताना मान खाली घालून एका काट्याकडे बघत राहायचे! आबांचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले. घरापासून इतक्या दूर त्यांनी हे कसे निभावले असेल, या विचाराने मला आजही भरून येते. अंगावर धावून जाण्याच्या शौर्याचे पोवाडे होतात. हे शौर्य मला त्याहून तसूभरही कमी वाटत नाही.

मग ब्रह्मदेश. एका ताऱ्यावर ‘बर्मा’ ही अक्षरे आहेत. ती पाहून आमच्या घरात जंगल, पाऊस, जपानी सैनिक अशी सगळी कहाणी तयार झाली होती. पण बर्मा स्टारचे नियम वाचले तेव्हा दिसले, की १ मे १९४२ ते ३१ डिसेंबर १९४३ या काळात बंगाल किंवा आसाममध्ये युद्धसेवा केलेल्यांनाही तो मिळे. आणि आजी नेहमी ‘किदरपूर’ म्हणायची. त्या गावाचा पत्ता आम्ही कधी लावलाच नव्हता. किदरपूर म्हणजे कलकत्त्याची खिदिरपूर गोदी. कलकत्त्यावर जपानी विमानांचा पहिला हल्ला २० डिसेंबर १९४२ च्या रात्री झाला. पुढच्या वर्षी, ५ डिसेंबर १९४३ ला, भर दिवसा याच गोदीवर बॉम्ब पडले आणि शेकडो माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. बंगालच्या दुष्काळाचेही तेच वर्ष. रस्त्याकडेला भुकेने पडलेली माणसे पाहिल्याचे आबा आजीला एकदा बोलले होते. आबा ब्रह्मदेशात गेलेच नाहीत, असे मी अजून म्हणत नाही. पण ते कलकत्त्यात होते, याबद्दल माझ्या मनात आता फारशी शंका नाही.

पुढचा रस्ता किचकट आहे. राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या यादीत युद्धात मेलेल्यांची नावे आहेत. आबा परत आले, म्हणून ते तिथे नाहीत. तोफखान्याचे अभिलेख कार्यालय नाशिक रोडला आहे, पण निवृत्तिवेतन नसलेल्या जवानांची सेवापत्रे २५ वर्षांनी नष्ट केली जातात. त्यांची मोजकी नोंद राहते ती ‘लाँग रोल’ नावाच्या रजिस्टरमध्ये, आणि तिथे पोचायला शिपाई नंबर लागतो. विमानविरोधी दल १० जानेवारी १९९४ ला तोफखान्यातून वेगळे झाले, त्यामुळे नेमके कुणाला लिहायचे याचाही मला बराच काळ उलगडा होत नव्हता. काकांच्या सल्ल्याने मी नाशिकला लिहिले आहे.

युद्धकाळात प्रत्येक तुकडी रोजची युद्धदैनंदिनी ठेवी. आग्नेय आशियातल्या तुकड्यांच्या दैनंदिन्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ १७२’ या मालिकेत आहेत. हिंदी तुकड्यांच्या दैनंदिन्या दिल्लीतही आहेत. त्यांत साध्या गनरचे नाव सहसा येत नाही. पण रेजिमेंटचा आकडा कळला, तर गोदीवर बॉम्ब पडले त्या डिसेंबरच्या दिवशी आबांची तोफ कुठे उभी होती ते वाचता येईल. मला तेवढे पुरे आहे. आमच्या भागातल्या गावांत पहिल्या महायुद्धाच्या दगडी पाट्या आहेत. त्यांवर गावातून किती गेले आणि किती मेले एवढेच आकडे आहेत, नाव एकाचेही नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या आपल्या माणसांचे तसे होऊ नये असे मला मनापासून वाटते.

तुमच्या घरी अशी डबी असेल, तर ती मोडीत देऊ नका. कागद असतील तर ते आजच उजेडात धरून त्यांचे फोटो काढा आणि शिपाई नंबर वेगळा लिहून ठेवा. कागद नसतील आणि आजीला महायुद्धातल्या सैनिकाची विधवा म्हणून सरकारी अनुदान मिळत असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या तिच्या प्रकरणात तो नंबर मिळू शकतो. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी एखाद्या अनोळखी गावाचे नाव वारंवार येत असेल, तर ते जसे ऐकू येते तसेच लिहून ठेवा.