पत्र्याचा डबा

शीव स्टेशनवरून गेली वीस वर्षे जातो-येतो. पण पश्चिमेच्या बाजूला उतरून धारावीत पाऊल टाकले ते २०२५ च्या श्रावणात. एक हुशार विद्यार्थी वर्गात दिसेनासा झाला होता. भेटला तेव्हा म्हणाला, "सर, घराचे कागद गोळा करतोय." म्हटले, चल, पाहू तरी.

नव्वद फुटी रस्त्याने कुंभारवाड्याजवळ आलो. सौराष्ट्रातून आलेल्या या कुंभारांच्या आडोशाला पणत्यांच्या चळती वाळत होत्या. तुमच्या-आमच्या दारच्या कितीतरी पणत्या इथल्याच! पलीकडच्या गल्लीत छत्री मिटूनच चालावे लागले.

विद्यार्थ्याच्या आईने फळीवरून पत्र्याचा डबा काढला. घरात पाणी शिरले की आधी हा डबा वर जातो, मग तांदूळ. आत रेशनकार्ड, विजेची जुनी बिले आणि सासऱ्यांचा फोटोपास. १९७६ साली सरकारने झोपड्यांची गणती करून असे पास दिले होते. त्यानंतर साल सरकत गेले : आधी १९९५, मग २०००. धारावीच्या पुनर्विकासात १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्याला धारावीतच घर, त्यानंतरच्यांना बाहेर.

शेजारीण २००३ साली आलेली. बाई मुंबईची धुणीभांडी करते, पण सरकारी हिशेबात उशिरा आली! नळालाही पूर्वी असेच साल लागे. झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले. बाई अजून हंडा विकतच घेते. अर्जाला जोडायला कागद नाही.

या घराची अडचण मात्र निराळीच निघाली. पासावर आडनावाला पहिली वेलांटी, रेशनकार्डावर दुसरी, आणि वीजबिलावर तर एक अक्षरच गळालेले. माणूस एक, पण कागदावर तिघे!

मी ओशाळलो. आजवर वेलांटीसाठी मी अर्धा गुण कापला. इथे आख्खे घर कापले जाईल की काय, या धास्तीने आई माझ्याकडे पाहत होती.

"सर, तुम्ही मराठीचे. तुम्हीच लिहून द्या," ती म्हणाली.

तिन्ही नावांचा माणूस एकच, अशा प्रतिज्ञापत्राचा मसुदा तिथेच चटईवर बसून लिहिला. मुलाने तो दोनदा वाचला आणि हळूच विचारले,

"सर, मग माझ्या नावाला कुठली लावू?"