रिकामा रकाना

रात्रीचे साडेदहा. नवरा आत झोपलाय. मी डायनिंग टेबलवर हेडफोन लावून बसलेय. वर बरीशी कुर्ती, खाली पायजमा. कॅमेऱ्यात तेवढंच दिसतं ना! स्क्रीनवर इंग्लंडमधले सर ताजेतवाने चेहऱ्याने 'गुड इव्हिनिंग' म्हणतात. त्यांच्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेत. मी जांभई गिळून त्यांना 'गुड इव्हिनिंग' म्हणते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात. मग हाच क्लास साडेअकराला सुरू होतो. पहिल्या वर्षी हे मला ठाऊक नव्हतं. साडेदहाला कुर्ती घालून, केस विंचरून तासभर रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसले होते. असाइनमेंटची डेडलाइन त्यांच्या रात्री बाराची. म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. दूधवाला आणि मी, सोसायटीत दोघंच जागे.

तर, मी हेल्थ इन्फर्मॅटिक्समध्ये ऑनलाइन मास्टर्स करतेय. पार्ट टाइम, तीन वर्षांचं, आणि हे तिसरं. मावशीला वाटतं मी डॉक्टर होतेय. मैत्रिणींना वाटतं मला काहीतरी झालंय. सोप्या भाषेत सांगायचं तर पेशंटची माहिती कशी नोंदवायची, कशी जपायची आणि एका हॉस्पिटलमधून दुसरीकडे अर्थ न बदलता कशी पोचवायची, याचं हे शास्त्र. आजारांसाठी आयसीडीचे कोड, लॅबच्या तपासण्यांसाठी लॉइंक, डॉक्टरांच्या शब्दांसाठी स्नोमेड सीटी आणि हे सगळं एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला सांगायचं तर फायर नावाचं स्टॅण्डर्ड. या 'फायर'चा आगीशी काही संबंध नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र वाटतो.

आणि मी कोण? मास कॉमची मुलगी. दहावीनंतर गणिताशी काडीमोड घेतलेली. फ्रीलान्स पत्रकारिता करते, पण घराचा हप्ता बायलाइनवर फिटत नाही. म्हणून कल्याणीनगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दहा ते सात कॉन्ट्रॅक्टवर बसते. हॉस्पिटलांच्या सॉफ्टवेअरची युझर मॅन्युअल्स लिहिते. 'येथे क्लिक करा' हे माझं सर्वाधिक छापलं गेलेलं वाक्य!

मग हा डोक्याला शॉट कशाला? बाबांमुळे.

डिसेंबर २०२२. बाबा साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. ताप, खोकला, रात्री धाप. जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. बाबांना पेनिसिलिन चालत नाही. वीस वर्षांपूर्वी साताऱ्यात एका इंजेक्शननंतर अंगभर गांधी उठल्या होत्या. हे आईला माहीत होतं, आमच्या फॅमिली डॉक्टरांना माहीत होतं, आणि साताऱ्याच्या कपाटात साडीच्या दुकानाच्या पिशवीत ठेवलेल्या फायलीला माहीत होतं. पुण्यात त्या रात्री फॉर्म मी भरला. मला माहीत नव्हतं. ॲलर्जीचा रकाना मी रिकामा सोडला आणि नंतर कुणी विचारलंही नाही. अर्ध्या तासात बाबांचे ओठ सुजले, अंगावर लाल चट्टे आले. औषध पेनिसिलिनच्याच घराण्यातलं होतं. डॉक्टर धावले, इंजेक्शनं दिली, रात्र आयसीयूत गेली. बाबा सकाळी चहा मागण्याइतके ठीक झाले. नंतर ॲडमिशनची प्रिंट हातात आली. माझ्या रिकाम्या रकान्याच्या जागी तिथे छापलं होतं : ॲलर्जी – निल.

रिकामं होतं, त्याचं 'नाही' झालं होतं. कुणीही खोटं लिहिलं नव्हतं. तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. तशा स्क्रीनसाठी 'येथे क्लिक करा' लिहून मी पैसे घेत होते. म्हणून २०२३ च्या सप्टेंबरात ॲडमिशन घेतली.

टाइमटेबल सॉलिड होतं. वनाजला मेट्रोत बसलं की कल्याणीनगरपर्यंत एक लेक्चर, दीडपट स्पीडवर. लंच ब्रेकमध्ये रीडिंग. रात्री क्लास. शनिवारी लेख, रविवारी असाइनमेंट. एसक्यूएल शिकताना दोनदा रडले, तिसऱ्यांदा क्वेरी चालली. मार्क्सही बरे पडत होते. ऑफिसात सगळे 'कसं जमवतेस गं?' म्हणायचे आणि मी उगाचच खूश व्हायचे.

दुसऱ्या वर्षी एक असाइनमेंट आली. एखाद्या पेशंटची ॲलर्जीची माहिती कुठे कुठे गळते ते दाखवा. मी बाबांचीच गोष्ट घेतली, अर्थात नाव न देता. वाचता वाचता फायरमध्ये एक छोटीशी यादी सापडली. एखादी यादी रिकामी असेल, तर ती का रिकामी आहे, हे सांगणारे कोड. 'तपासलं, काही आढळलं नाही' हा एक. 'विचारलंच नाही' हा दुसरा. 'माहिती आहे, पण सांगितलेली नाही' हा तिसरा. 'माहिती मिळू शकत नाही' हा चौथा. असे एकूण सहा. मी खुर्चीतून उठलेच. एवढंच तर हवं होतं त्या रात्री! 'निल'ऐवजी 'विचारलंच नाही' छापलं असतं, तर औषध देण्याआधी कुणीतरी थांबलं असतं.

त्या असाइनमेंटला टर्ममधले सर्वाधिक मार्क मिळाले. रविवार होता. मी पोहे केले, म्हटलं सेलिब्रेट करू. आईचा फोन आला. ती सहज म्हणाली, ''जावईबापूंचं काही झालं का गं? प्रोजेक्टचं?''

कुठलं प्रोजेक्ट?

नवऱ्याचं प्रोजेक्ट संपून सात आठवडे झाले होते. तो बेंचवर होता. रोज डबा घेऊन ऑफिसला जात होता, इंटरव्ह्यू देत होता, नकार पचवत होता. आयटीतल्यांना सांगायला नको, बेंचवरचा प्रत्येक आठवडा किती लांब असतो ते. आईला हे माहीत होतं. मला नव्हतं.

''मला का नाही सांगितलंस?''

''तुझी सबमिशन्स होती.''

''अरे पण एकदा तरी बोलायचंस!''

''तू विचारलंस कुठे?'' तो चिडून बोलला असता तर भांडता आलं असतं. तो पोह्यांवर लिंबू पिळत होता.

खरं होतं. मी सात आठवडे विचारलं नव्हतं. तो काही बोलत नव्हता, म्हणजे काही नसेल, असं मी धरून चालले होते. रिकाम्या रकान्यात माझ्या हाताने 'निल' छापलं होतं. आणि त्यावरच मला मार्क मिळाले होते!

त्या दिवशी कोर्स सोडायचा विचार केला. तोच म्हणाला, ''मूर्ख आहेस का, अर्ध्यावर आलीयस.'' मग विद्यापीठाला मेल टाकला आणि एक मॉड्युल पुढच्या टर्मला ढकललं. बहुतेक पार्ट टाइम कोर्सेसमध्ये ही सोय असते, आपण विचारत नाही इतकंच. त्याला अकराव्या आठवड्यात प्रोजेक्ट मिळालं. शिफ्ट वाईट आहे, पण आहे. बुधवारी नऊ ते दहा आमच्या घरात लॅपटॉप बंद असतो. कधी बोलतो, कधी नुसतेच आइस्क्रीम खातो.

तुम्हीही असं काही करायच्या विचारात असाल, तर दोन गोष्टी. एक, आपल्याकडे यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून आरोग्य आणि संलग्न विषयांचे ऑनलाइन व दूरस्थ अभ्यासक्रम थांबवलेत. त्यामुळे कुठलाही कोर्स असो, देशातला किंवा परदेशातला, पैसे भरण्याआधी ती पदवी तुम्हाला हव्या त्या नोकरीत चालेल का हे लेखी विचारा. दोन, वेळ कुठून काढणार हे सगळेच सांगतात. तो कुणाच्या वाट्यातून काढणार, हेही एकदा लिहून बघा.

बाबांचा चौदा आकडी आभा नंबरही काढून दिला. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ च्या सप्टेंबरात देशभर सुरू झालं, त्याचा हा नंबर. पण नंबर काढला म्हणजे पिशवीतली जुनी फाइल आपोआप त्यात चढत नाही. हॉस्पिटल त्या यंत्रणेला जोडलेलं लागतं आणि आपली संमती लागते. म्हणून आईने आपला उपाय केलाय. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात 'पेनिसिलिन चालत नाही', वर प्लॅस्टिक, आणि ते बाबांच्या शर्टाच्या खिशात. मध्यंतरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलो, तेव्हा सिस्टरने विचारलं, ''काका, कशाची ॲलर्जी?'' बाबांनी रेल्वेचा पास दाखवावा तसा तो पुठ्ठा काढून दाखवला.

माझा प्रबंध अजून बाकी आहे. काल रात्री क्लास संपवून आत गेले, तर नवरा जागाच होता, छताकडे बघत.

''काय झालं?''

''काही नाही.''

''कुठल्या प्रकारचं काही नाही? सहा आहेत.''

तो हसला. मग उठून बसला आणि सांगायला लागला.