मी तिचा कफील होतो

कफील म्हणजे परदेशी माणसाच्या मुक्कामाची हमी घेणारा. कतारमध्ये नोकरीला आलेल्या माणसाचा कफील त्याची कंपनी. त्याच्यामागून फॅमिली व्हिसावर येणाऱ्या बायकोचा कफील तो नवराच. तिचा रहिवासी परवाना त्याच्या भरवशावर निघतो. त्याची नोकरी गेली की तिचाही मुक्काम हलतो. या कायद्याने माझा संसार मोडला असं मी म्हणणार नाही. त्याने हाती दिलेला अधिकार मी घरात कसा वापरला, ते सांगायचं आहे.

दोह्यातल्या एका बांधकाम कंपनीत मी कामगारांची कागदपत्रं सांभाळतो. 2015 च्या कायद्याने कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणाऱ्या मालकाचा दंड 25 हजार रियालपर्यंत वाढवला. मी याद्या केल्या, एकेकाला बोलावून पासपोर्ट हातात दिला, पोच घेतली. घरी मात्र बायकोचा आणि मुलीचा पासपोर्ट माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात. हरवू नयेत म्हणून, असं मी म्हणायचो आणि मला ते खरंच वाटायचं.

2018 मध्ये बहुतेक कामगारांची देश सोडताना मालकाकडून एक्झिट परमिट घेण्याची अट गेली. ऑगस्ट 2020 अखेर आलेल्या कायद्याने नोकरी बदलताना आधीच्या मालकाची एनओसी लागणंही संपलं. इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पवर जाऊन मी हे मोडक्यातोडक्या हिंदीत समजावून सांगत होतो. एक बिहारी सुतार पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "साब, सचमुच कफील से पूछना नहीं पड़ेगा?" नाही विचारावं लागणार, मी ठासून सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

त्याच सुमारास घरी बायकोचा एक कागद माझ्या सहीसाठी पडून होता. ती रसायनशास्त्रात एमएससी, बीएड. लग्नाआधी मिरजेला शिकवायची. दोह्यातल्या एका भारतीय शाळेने तिची निवड केली होती. फॅमिली व्हिसावरच्या बाईला नोकरीसाठी वेगळा परवाना काढावा लागतो, आणि शाळेला त्यासाठी नवऱ्याचं संमतिपत्र हवं होतं. मी नाही म्हणालो नाही. "बघू", "महिनाअखेर करू", "मुलीचे ऑनलाइन वर्ग कोण बघणार", असं करत दिवस काढले. मनात दुसरंच होतं. चार मराठी घरांत चर्चा होईल, याचं भागत नाही म्हणून बायकोला कामाला लावलं. शाळेने दुसरी बाई घेतली. तेव्हा ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या साइटवरच्या माणसांना मिळालं, ते मला कधी मिळणार?" मी उत्तर दिलं नाही. उलट, साइटवरच्या मजुरांशी तिने स्वतःची तुलना केली याचाच राग धरून बसलो.

त्यानंतरही मी तिच्यावर प्रेम करत होतो. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण ते खोटं नाही. वाढदिवसाला सोनं घेतलं, लोकांत तिचं तोंडभरून कौतुक केलं. मला कोविड झाला तेव्हा तिने खोलीच्या दाराशी ताटं ठेवली, रात्र रात्र जागली. दोघांनाही एकमेकांची काळजी होती, आणि तरी घरात बोलणं उरलं नव्हतं. तिच्या शब्दाला मी किंमत दिली नव्हती. सोन्याने ती उणीव भरून निघाली नाही.

2023 च्या उन्हाळ्यात ती मुलीला घेऊन सांगलीला गेली आणि परत आली नाही. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर कतारमध्ये परतीसाठी खास परवानगी लागते. ती काढू का, असं फोनवर विचारलं. "नको," म्हणाली.

तिकडच्या एका वकिलाने सुचवलं, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खाली नांदायला येण्याची नोटीस पाठवा. मसुदा तयार झाला, मी वाचलाही. पाठवणारच होतो. मग रखमाबाई आठवल्या. 1884 मध्ये मुंबईत दादाजी भिकाजींनी त्यांच्यावर हाच दावा लावला होता. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दोन हजार रुपये देऊन ते प्रकरण मिटलं. त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. एवढ्या वर्षांनी माझ्या हातात तोच कागद होता. मी मसुदा फाडला. उशिरा का होईना, तिच्या बाबतीत केलेली ही एक गोष्ट मला बरोबर वाटते.

आता ती सांगलीत शिकवते. मुलगी तिच्याजवळ असते. आमचा घटस्फोट झालेला नाही. घ्यायचा की नाही ते तिने ठरवावं, असं मी तिला लिहून कळवलं आहे.

आखातातल्या मराठी नवऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. बायकोचा पासपोर्ट आणि तिची अटेस्ट केलेली प्रमाणपत्रं आजच तिच्या हाती द्या. तिच्या नोकरीचा कागद घरी आला असेल तर आज रात्रीच सही करा.