गीझर कुठेय?

पुण्याची थंडी म्हणजे सिंहगडावरची गरमागरम कांदाभजी आणि कपाटातून बाहेर आलेलं जॅकेट. रस्त्यावर आपण काळजी घेतोही. घाटात धुकं दिसलं की बाइकचा स्पीड कमी, हेडलाइट लो बीमवर. घरात शिरलो की मात्र सगळे एकदम बिनधास्त!

गेल्या जानेवारीत माझी रूममेट बाथरूममधून भेलकांडतच बाहेर आली. डोकं गरगरत होतं, मळमळत होतं. ‘जागरण झालंय गं,’ ती म्हणाली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘गॅस गीझर कुठेय?’ बाथरूममध्येच! वारा नको म्हणून आधीच्या भाडेकरूंनी खिडकीलाही पुठ्ठा ठोकलेला.

बंद जागेत हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० पट घट्ट चिकटतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही. मैत्रीण वाचली, कारण तिचा फोन वाजला आणि ती आंघोळ अर्धवट टाकून बाहेर आली.

घरमालक काकांच्या मागे लागून आम्ही गीझर ड्राय बाल्कनीत हलवून घेतला. पुठ्ठाही काढला. आता आंघोळीला जाम कुडकुडायला होतं. होऊ दे! तुम्ही नवा फ्लॅट बघाल तेव्हा पार्किंगच्या आधी हे विचारा. आणि आंघोळीला गेलेलं कुणी फार वेळ गप्प असेल, तर दार नक्की ठोका.