पोच

बाबा बँकेत कारकून होते. चलन आणि खातेवही ताडून बघायची, जुळलं की शिक्का मारायचा. २००१ साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, त्यात तेही बाहेर पडले. मी पुढे लिनक्स कर्नलच्या कामात शिरलो आणि माझं काम निघालं मधला माणूस काढून टाकायचं.

एरवी नेटवर्क कार्डावर आलेला डेटा आधी मुख्य मेमरीत उतरतो आणि तिथून पुन्हा उचलून जीपीयूकडे न्यावा लागतो. बाबांना मी खोडदचं उदाहरण दिलं होतं. तिथे जीएमआरटीच्या ३० अँटेना, प्रत्येकीची २ ध्रुवीकरणं, ४०० मेगाहर्ट्झ बँडविड्थ. म्हणजे सेकंदाला ४८ अब्ज नमुने. एवढ्या ओघात एक जादा कॉपीसुद्धा जड जाते. त्यापेक्षा दोन उपकरणांनी एकमेकांच्या मेमरीत थेट लिहावं. डिसेंबर २०१८मध्ये आलेल्या लिनक्स ४.२०पासून कर्नलमध्ये त्याची सोय आहे. तिचं नाव पीटूपीडीएमए.

"मधला काढलात, मग ताडून बघणार कोण?" बाबांनी विचारलं.

"कर्नल बघतो की."

ते खरंही होतं. दोन्ही उपकरणं एकाच पीसीआय स्विचखाली असतील तर प्रश्न नाही. पण वाट प्रोसेसरच्या रूट कॉम्प्लेक्समधून जात असेल, तर एका पोर्टवरचा डेटा दुसऱ्या पोर्टवर पोचवायचं बंधन नियमांनी त्याच्यावर घातलेलं नाही. म्हणून खात्रीच्या हार्डवेअरची यादी कर्नल जवळ ठेवतो आणि बाकीच्यांना सरळ नाही म्हणतो.

पुढे एका ग्राहकासाठी डेमो होता. आदल्या रात्री आमच्या मशिनवर कर्नल नाही म्हणाला. बाणेरच्या ऑफिसात अकरा वाजता मी ती तपासणीच कोडमधून उडवली. वेग भन्नाट आला. स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, भराभर अंगठे आले.

घरी झोप लागेना. पहाटे लॅपटॉप उघडला आणि जीपीयूच्या बफरमध्ये नेमकं काय आलंय ते पहिल्यांदाच पाहिलं. सगळी शून्यं. पीसीआय एक्स्प्रेसवर लिहिणाऱ्याला पोच मिळत नाही. कार्ड पाठवत राहिलं, वाटेत सगळं गळून गेलं, आणि मी मोजत होतो तो फक्त पाठवण्याचा वेग.

सकाळी ग्राहकापुढे जुना, संथ मार्ग चालवला. ग्रुपवर लिहिलं, रात्रीचा आकडा खोटा आहे. ते काम आम्हाला मिळालं नाही.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "शिक्का मारला नव्हतास ना?"

मारला होता. रात्री, ग्रुपवर.