मधला करडा

सोलापूरची दुपार मला अजून चित्रात उतरवता आलेली नाही. ज्या व्यवसायात माझी ऐन उमेदीची वर्षे खर्ची पडली, त्या व्यवसायात ही उणीव कोणी मोजतही नाही, कारण आजवर एकाही स्टुडिओने माझ्याकडे ती दुपार मागितलेली नाही. चित्रपटाचा देखावा उभा राहण्यापूर्वी, किंवा संगणकावरच्या खेळातील एखादे नगर घडवणाऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी, त्याचे रूप कसे असावे हे रेखून देणारे आम्ही कन्सेप्ट आर्टिस्ट. त्यातही मी कोणाच्या पगारपत्रकावर नसलेला, होटगी रस्त्याकडच्या एका वरच्या खोलीत बसून मुंबई, पुणे, हैदराबाद आणि क्वचित परदेश येथून येणारी कामे फुटकळ कराराने घेणारा. या कामांत स्थळे बदलतात, शतके बदलतात, पण हवा काही बदलत नाही. घाटमाथ्यावरचा किल्ला पावसात हवा असतो, मंदिर पहाटेच्या धुक्यात, रणभूमी धुराने भरलेली आणि नगराची वेस निळसर संधिप्रकाशात.

धुक्याचा हा आग्रह केवळ आवडीतून आलेला नाही, हे माझे व्यवसायबंधू जाणतात. जवळचे गडद, मधले करडे, दूरचे फिके, या तीन पायऱ्या एकदा जागच्या जागी बसल्या की तळहाताएवढ्या कच्च्या थंबनेलमध्येही कोसभर अंतर पडते. आणि या तिन्हींत खरा कर्ता असतो तो मधला करडा. तो जवळच्याला पुढे ढकलतो, दूरच्याला मागे सारतो आणि प्रेक्षकाच्या नजरेला चालायला वाट देतो. धुके हा करडा आयता पुरवते. माझे घर या करड्यावर चालले आहे, आणि त्याविषयी माझ्या मनात कृतज्ञतेवाचून दुसरी भावना नाही.

परंतु ज्या गावात मी जन्मलो आणि ज्या गावाने माझे डोळे घडवले, तेथे चैत्र-वैशाखातल्या दुपारी हा करडा कोठेही सापडत नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सोलापूरच्या बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली क्षणभर नाहीशी होते. त्या दिवसांत हवेत ओल नसते, म्हणून दूरची वस्तू जवळच्या वस्तूइतकीच धारदार दिसते; सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून पाहिले तर भुईकोटाचा बुरूज आणि त्यामागचे घर एकाच भिंतीवर चिकटवल्यासारखे भासतात. उजेडात असलेले सारे पांढरे पडते आणि कमानीच्या आत, वळचणीखाली, बाभळीच्या बुंध्याशी जे असते ते काजळासारखे काळे होते. मुरमाड जमीन असेल तर खालून परतणारा तांबूस प्रकाश छज्ज्याच्या पोटाला लागतो आणि थोडा आधार देतो. काळ्या रानात तोही आधार नाही. आणि या सगळ्यात आपला काळा दगड! सावलीतला काळा दगड कोणालाही काढता येतो. भर उन्हातला काळा दगड हा मात्र प्रकाश आहे की अंधार, याचा निर्णय माझ्या हाताला अजून करता आलेला नाही. त्याला काळा ठेवला तर ऊन जाते, उजळ केला तर दगड जातो.

नळदुर्गाचा पाणीमहाल हे माझे या बाबतीतले जुने भांडण. इब्राहीम आदिलशाह दुसरा याच्या कारकिर्दीत बोरी नदीवर उभ्या राहिलेल्या त्या धरणाच्या भिंतीत महाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी या नावांचे दोन प्रपात तिच्यावरून कोसळतात, आणि तेव्हा ती भिंत कोणालाही सहज साधते, कारण तुषारांचा करडा पडदा तिच्यापुढे लोंबत असतो. मी जातो तो उन्हाळ्यात, भिंत कोरडी असताना. कागदावर तिची उंची उभी राहत नाही. विजापूरच्या गोलघुमटापुढेही हाच अनुभव: 1656 साली पुरा झालेला, बाहेरून 44 मीटर व्यासाचा तो घुमट भर दुपारी चित्रात आणला की एखाद्या दर्ग्याच्या घुमटाएवढा होऊन बसतो.

अशा वेळी आमच्या धंद्यातला सर्वमान्य तोडगा म्हणजे चित्राच्या तळाशी, पाठमोरा, अंगावर घोंगडीवजा वस्त्र पांघरलेला एक लहानसा मनुष्य उभा करणे. जगभरच्या पोर्टफोलिओंत हा पाठमोरा मनुष्य उभा आहे, आणि माझ्या मते त्याने आमच्या कलेचे मोठे नुकसान केले आहे. वास्तूची भव्यता वास्तूनेच सांगितली पाहिजे. पायरीच्या उंचीने, दाराच्या कडीने, दगडाच्या थरांनी, माणसाच्या हाताने झिजलेल्या कठड्याने ती सांगितली पाहिजे. विजापूरच्या दरबारी चित्रकारांना हे ठाऊक होते. त्यांच्या चित्रांत धुके नाही, पडछाया जवळजवळ नाही, तरी बाग, महाल आणि टेकडी एकावर एक रचून, क्षितिज वर नेऊन, झाकणे आणि उघडे ठेवणे एवढ्याच युक्तीवर त्यांनी प्रदेशच्या प्रदेश उभे केले. आमच्यापासून शंभर किलोमीटरवर घडलेली ही विद्या आमच्या मुलांना कोणी शिकवत नाही.

स्टुडिओचे काम मिळवण्याच्या खटपटीत दुपार चितारण्याचा हा छंद परवडणारा नाही, हेही खरे. पोर्टफोलिओत दहा-बारा चित्रांहून अधिक ठेवू नये असा संकेत आहे, आणि झालेल्या कामातले उत्तम तेच नेमके त्यात ठेवता येत नाही, कारण गोपनीयतेच्या करारान्वये चित्रपट वा खेळ प्रसिद्ध होईपर्यंत ते कुलूपबंद असते आणि प्रकल्प रद्द झाला तर कायमचे. म्हणून पोटासाठी केलेल्या कामाखेरीज दाखवण्यासाठीचे काम रात्री वेगळे करावे लागते. त्यावर आर्ट टेस्ट, बहुधा विनामोबदला; त्यावर बयाण्याची बोलणी; त्यावर आयकराची दहा टक्के कपात होऊन येणाऱ्या रकमेचा महिनोन्महिने तगादा. मी एकदा माझी नळदुर्गची दुपार अशाच एका अर्जाबरोबर पाठवली होती. उत्तर सभ्य होते: रेखाटन प्रभावी आहे, परंतु चित्र सपाट वाटते, वातावरण नाही. वातावरण नाही! त्रेचाळीस अंशांचे ऊन ज्याच्या अंगावरून गेले आहे तो हे वाक्य लिहिणार नाही. त्या गृहस्थांचा राग मला आला नाही. मात्र त्यांच्या डोळ्यांना कोणत्या देशाचे हवामान पथ्यकर झाले आहे हे त्या दिवशी कळले.

आमच्या मुलखात या कामाला मान होता, आणि तो फार जुना काळ नव्हे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर चित्रीकरणापूर्वी वेशभूषेची, पात्रांची आणि दृश्यांची रेखाटने स्वतः करीत. आज ज्याला आम्ही इंग्रजी नावाने मिरवतो ते काम त्यांनी 1920च्या ‘सैरंध्री’च्या सुमारास केले. त्यांच्याच तालमीत तयार झालेले फत्तेलाल 1929मध्ये ‘प्रभात’च्या मालकांपैकी एक झाले, म्हणजे देखावा रेखणारा मनुष्य संस्थेचा भागीदार होता. आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात 1915 साली जन्मलेले हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवीत उभे राहिले. शेजारच्या गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित यांनी चित्रपटांच्या पोस्टरना तैलचित्राची प्रतिष्ठा दिली. ही माणसे स्टुडिओच्या आवारात, सुतार, रंगारी आणि छायालेखक यांच्या खांद्याला खांदा लावून काम करीत. आपण रेखलेला जिना सुताराला बांधता येतो की नाही हे त्यांना त्याच संध्याकाळी कळे. मी रेखलेला जिना कोणी बांधला हे मला कळते ते चित्रपटगृहात, आणि नामावली संपेपर्यंत मी खुर्चीतून उठत नाही. माझे नाव बहुधा नसते. तरीही माझा जिना ओळखू आला की शेजारच्या अनोळखी माणसाला तो माझा आहे हे सांगण्याची जी अनावर इच्छा होते, ती इतक्या वर्षांत यत्किंचितही कमी झालेली नाही.

नव्या मंडळींविषयी माझे मत कठोर आहे, आणि ते मी मागे घेणार नाही. छायाचित्रांचे तुकडे जोडून, वर धुराचे दोन फटकारे मारून, दोन तासांत राज्य उभे करणाऱ्यांच्या चित्रांत दार उघडत नाही, पाणी कोठून येते ते कळत नाही, आणि पहारेकरी ज्या सज्जात उभा आहे तेथे तो कोणत्या वाटेने चढला याचा पत्ता नसतो. आमचे चित्र ही अखेरची वस्तू नव्हे. दुसऱ्या कोणी तरी तिच्यावरून बांधायचे असते. 2022 साली शब्दांवरून चित्र काढणारी यंत्रे आली तेव्हा पहिला घाव बसला तो याच धुक्याच्या चित्रकारांवर. त्या डिसेंबरात जगभरच्या आमच्या बांधवांनी आर्टस्टेशन या संकेतस्थळावर निषेधाच्या पाट्या लावल्या, आणि 2023च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावाही रुजू झाला. त्या दाव्याला माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे. परंतु यंत्राला धुके इतके उत्तम का येते? आम्ही सर्वांनी मिळून त्याला धुक्याचीच लक्षावधी चित्रे वाढून ठेवली होती म्हणून. मी त्याच्याकडे सोलापूरची वैशाखातली दुपार मागितली, तेव्हा त्याने मला सोनेरी संध्याकाळ दिली.

हे सारे विचार मनात मुरत असताना माझ्याकडे एक विद्यार्थिनी येऊ लागली. शहराच्या पूर्व भागातली, पद्मशाली घरातली. वडील यंत्रमागावर, आणि आजोबांनी जन्मभर चादरीचे नकाशे काढलेले. तिला पोर्टफोलिओ करायचा होता. मी तिला नेहमीचा अभ्यास दिला, तटबंदी तीन टोनमध्ये, आणि तिने माझ्या चित्रांकडे बराच वेळ पाहून विचारले, “सर, आपल्याकडं एवढं धुकं कुठं असतंय ओ?” पुढच्या आठवड्यात ती नळदुर्गची भिंत घेऊन आली. टोन दोनच होते. आणि भिंत उंच होती.

मी ते चित्र ठेवून घेतले आणि कित्येक रात्री त्याच्यापुढे बसलो. तिने काय केले होते ते सांगतो. सोलापुरी चादरीच्या नकाशात चौकट एक तर भरलेली असते किंवा मोकळी. त्यावरून जेकार्डच्या पुठ्ठ्याला भोक पडते किंवा पडत नाही. तिथे करड्याला जागाच नाही. मोठा हत्ती काढायचा तर चौकटी पुष्कळ मिळतात, म्हणून त्याच्या पाठीचा बाक गुळगुळीत येतो. लहान पाखराला चौकटी मोजक्याच, म्हणून त्याची कड जाडीभरडी, पायऱ्यापायऱ्यांची. या मुलीने हाच न्याय अंतराला लावला होता. जवळच्या दगडाची कड बारकाव्यांनी भरलेली, दूरच्याची दोनचार ठोकळ्यांत आटोपलेली. दूरत्व रंग फिका करून न सांगता कडेचा तपशील काढून घेऊन सांगितलेले. आणि दुसरे असे की जवळचा काळा बुरूज उजळ भिंतीवर, ती उजळ भिंत पुन्हा काळ्या कमानीवर, ती कमान उजळ आकाशावर, अशी उलटापालट मागे मागे नेलेली, जशी चादर उलटली की जमिनीचा रंग नक्षीला जातो आणि नक्षीचा जमिनीला. मी तिच्या आजोबांना भेटायला गेलो. त्यांनी चित्र हातात घेतले, नातीचे कौतुक असे काहीच केले नाही, एवढेच म्हणाले, “रंग दोनच असतात ओ सर, कड नीट पाहिजे.”

यामुळे माझी अडचण मिटली असे मात्र नाही. चादरीतल्या हत्तीला पोट काढून दाखवावे लागत नाही. आमच्या चित्रावरून बांधणाऱ्याला मात्र त्या काळ्या पट्ट्याच्या आत दगडाचे थर आहेत की चुन्याचा गिलावा, खिडकी आहे की कोनाडा, हे समजले पाहिजे. काळ्याच्या पोटात तपशील घालायला गेलो की तो करडा होतो, आणि करडा आला की दुपार निघून जाते. हल्ली मी एक उपाय धरून बसलो आहे: काळ्याच्या आत उजेड न आणता फक्त ऊब आणायची, मुरमावरून परतलेल्या प्रकाशाचा तांबूस अंश अंधाराच्या पातळीतच मिसळायचा, म्हणजे टोन तोच राहतो आणि पृष्ठभाग वळतो. कधी ते जमल्यासारखे वाटते. सकाळी उठून पाहिले तर भिंत पुन्हा पत्र्याची झालेली असते.

पोर्टफोलिओचे पहिले पान आता मी दुपारीला दिले आहे, धुके मागे सारले आहे, आणि याचा परिणाम मिळकतीवर होईल हे मला ठाऊक आहे. राल्फ मॅकक्वॉरी यांनी 1975 साली ‘स्टार वॉर्स’साठी जी चित्रे काढून स्टुडिओवाल्यांची खात्री पटवली, त्यांत वाळवंटातल्या दोन यंत्रमानवांचे एक होते; त्यानंतर कित्येक चित्रकारांनी वाळवंट त्यांच्याच डोळ्यांनी पाहिले. दख्खनची दुपार पुढच्यांनी माझ्या डोळ्यांनी पाहावी, अशी माझी इच्छा आहे. ती मोठी आहे, आणि मी ती लपवत नाही. पुण्यातल्या एका स्टुडिओने परिसर-चित्रणाची एकच जागा जाहीर केली आहे आणि तिच्यासाठी त्या मुलीने अर्ज केला आहे. तिचा पोर्टफोलिओ मीच तपासून दिला, एकेक कड पाहून, हातचे काही न राखता. त्याच जागेसाठी माझाही अर्ज गेला आहे, आणि हे मी तिला सांगितले आहे. तिची भिंत माझ्या भिंतीपेक्षा उंच आहे हे मला दिसते. तरीही निवड माझी व्हावी, असेच मला मनापासून वाटते.